केंद्रकीतील ‘स्थानबद्धता’ : पेशीविज्ञानातील एका संकल्पनेची चिकित्सा

सारांश : केंद्रकी ही रायबोसोमनिर्मितीचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र ती काही प्रथिने अडवून ठेवते आणि त्यायोगे पेशीविभाजन, ताणास मिळणारा प्रतिसाद व आरएनए-संस्करण यांवर नियंत्रण ठेवते, हे प्रतिपादन रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखात या ‘स्थानबद्धते’च्या संकल्पनेची चिकित्सा केली आहे. प्रथिन केंद्रकीत दिसणे आणि केंद्रकीने ते रोखून धरणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांची गल्लत झाल्याने काही निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेले, असे येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : केंद्रकी, रायबोसोम, स्थानबद्धता, आरएनए-संस्करण, आरएनए-संपादन, पी५३.

१. प्रस्तावना

पेशीच्या केंद्रकात सूक्ष्मदर्शकाखाली जो गडद, गोलसर ठिपका दिसतो त्यास केंद्रकी अर्थात न्यूक्लिओलस असे म्हणतात. केंद्रकाभोवती पटल असते, तसे केंद्रकीभोवती नसते. तरीही तिचा आकार स्पष्ट असतो आणि तिच्यातील घटक भोवतालच्या केंद्रकद्रव्यापेक्षा वेगळे असतात. पटलाविना ही वेगळीक कशी टिकते, हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे.

पदवी वर्गांत केंद्रकीची ओळख बहुधा एका वाक्यात करून दिली जाते : केंद्रकी हा रायबोसोमचा कारखाना होय. हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत तिची दुसरी ओळख पुढे आली. काही प्रथिने केंद्रकीत अडकवून ठेवली जातात, त्यामुळे त्यांना आपले नेमून दिलेले कार्य करता येत नाही आणि गरज पडताच ती मोकळी केली जातात, असे या मताचे स्वरूप आहे. इंग्रजी शास्त्रीय वाङ्मयात यासाठी ‘सिक्वेस्ट्रेशन’ ही संज्ञा वापरतात. मालमत्ता ताब्यात घेऊन ती त्रयस्थाकडे ठेवणे हा तिचा कायद्यातील अर्थ आहे. काही संशोधकांनी तर थेट ‘डिटेन्शन’ हा शब्द स्वीकारला. मराठीत त्यास ‘स्थानबद्धता’ हा प्रतिशब्द चपखल बसतो. स्थानबद्ध व्यक्तीचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. तिला केवळ कृती करण्यापासून रोखलेले असते. स्थानबद्ध प्रथिनही नष्ट झालेले नसते, त्यास फक्त थोपवून धरलेले असते.

शब्द समर्पक असला म्हणजे त्यामागील विधान सिद्ध झाले असे होत नाही. ‘अमुक प्रथिन केंद्रकीत स्थानबद्ध आहे’ असे म्हणण्यासाठी नेमका कोणता पुरावा पुरेसा मानावा, या प्रश्नाचा विचार काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे येथे केला आहे.

२. ‘कारखाना’ ही प्रतिमा आणि तिच्या मर्यादा

केंद्रकीचा गुणसूत्राशी असलेला संबंध बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३४ मध्ये मक्याच्या पेशींवरील अभ्यासातून स्पष्ट केला. गुणसूत्रावरील एका विशिष्ट भागापाशीच केंद्रकी आकारास येते, असे त्यांनी दाखविले. पुढे १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राऊन व जॉन गर्डन यांनी झेनोपस जातीच्या बेडकाचे केंद्रकी नसलेले भ्रूण अभ्यासले. त्या भ्रूणांत २८एस व १८एस या रायबोसोमीय आरएनएची निर्मिती होत नसल्याचे आढळले. केंद्रकी आणि रायबोसोम यांचा संबंध त्यामुळे निर्विवाद ठरला. ‘कारखाना’ ही प्रतिमा अशा भक्कम पायावर उभी आहे.

या कारखान्यातील मुख्य काम म्हणजे आरएनए-संस्करण होय. मानवी पेशीत रायबोसोमीय आरएनए प्रथम सुमारे १३,००० न्यूक्लिओटाइडांच्या एका लांब धाग्याच्या रूपात तयार होतो. त्याची काटछाट होऊन १८एस, ५.८एस व २८एस हे तीन रेणू मिळतात. चौथा, ५एस हा रेणू केंद्रकीबाहेर तयार होऊन नंतर जुळणीसाठी येतो. काटछाटीच्या बरोबरीने या धाग्यावर सुमारे शंभर ठिकाणी मिथिल गट जोडले जातात आणि जवळपास तितक्याच ठिकाणी युरिडिनचे रूपांतर स्यूडोयुरिडिनमध्ये होते. ही ठिकाणे विकर स्वतः शोधत नाही. केंद्रकीतील लहान आरएनए, ज्यांना स्नो-आरएनए म्हणतात, ते पूरक क्रमाच्या आधारे जागा दाखवितात आणि विकर तेथे काम करते. ही मार्गदर्शनाची पद्धत १९९६-९७ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध झाली.

कारखान्यात केवळ रायबोसोमचाच माल घडतो, या समजुतीला १९९८ च्या सुमारास तडा गेला. स्प्लायसिंगसाठी आवश्यक असणाऱ्या यू६ आरएनएवरील बदलही स्नो-आरएनएच्या मार्गदर्शनाने होतात, असे त्या वर्षी दिसून आले. यीस्टमध्ये ट्रान्स्फर-आरएनएच्या पूर्वरूपाची प्रारंभिक काटछाट करणारे आरनेज-पी हे विकर केंद्रकीत आढळले. प्रथिनांना पटलाकडे नेणाऱ्या संकेत-ओळख कणाचा आरएनए केंद्रकीतून जात असल्याचेही स्पष्ट झाले. त्याच वर्षी थोरू पेडरसन यांनी अशा निरीक्षणांचा आढावा घेऊन केंद्रकी ही बहुकार्यक्षम असल्याचे मत मांडले. २००२ मध्ये मानवी केंद्रकीतील २७१ प्रथिनांची यादी प्रसिद्ध झाली. २००५ पर्यंत हा आकडा सुमारे ७०० झाला. त्यांतील अनेक प्रथिनांचा रायबोसोमनिर्मितीशी उघड संबंध दिसत नव्हता. मग ती तेथे काय करतात? ‘स्थानबद्धता’ हे या प्रश्नाचे एक सोयीचे उत्तर ठरले आणि चिकित्सेची गरजही येथूनच निर्माण होते.

३. एका शब्दातील चार दावे

‘केंद्रकी अमुक प्रथिनास स्थानबद्ध करते’ या वाक्यात वस्तुतः चार स्वतंत्र दावे सामावलेले असतात.

पहिला दावा स्थानाचा : प्रथिन केंद्रकीत आहे. दुसरा दावा धारणेचा : प्रथिनाचे तेच रेणू तेथे टिकून राहतात, येऊन-जाऊन नसतात. तिसरा दावा परिणामाचा : तेथे असल्यामुळेच त्याचे बाहेरील कार्य थांबते. चौथा दावा सुटकेचा : ठराविक संकेत मिळताच ते बाहेर पडते आणि कार्य सुरू होते.

पहिला दावा सूक्ष्मदर्शकाने सहज सिद्ध होतो. प्रथिनास चमकणारे फ्लुओरेसंट प्रथिन जोडले की केंद्रकी उजळून निघते आणि छायाचित्र मिळते. छायाचित्राचा प्रभाव मोठा असतो. उरलेले तीन दावेही त्याच चित्रात सिद्ध झाल्याचा भास होतो. परंतु स्थिर छायाचित्रावरून धारणेविषयी काहीच समजत नाही. त्यासाठी केंद्रकीचा एक भाग तीव्र प्रकाशाने विरंजित करून तेथे नवे चमकणारे रेणू किती वेगाने येतात हे मोजावे लागते. २००० मध्ये रॉबर्ट फेअर व टॉम मिस्टेली यांनी या पद्धतीने फायब्रिलारिन या प्रथिनाचा अभ्यास केला. फायब्रिलारिन हे केंद्रकीचे ओळखचिन्ह मानले जाते. ते तेथे कायमचे मुक्कामास असावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचे रेणू केंद्रकी व केंद्रकद्रव्य यांच्यात सतत आणि वेगाने ये-जा करीत असल्याचे आढळले.

या निष्कर्षाचा अर्थ महत्त्वाचा आहे. केंद्रकीचे स्वतःचे कायमचे रहिवासीदेखील जर स्थिर नसतील, तर एखादे प्रथिन तेथे ‘दिसते’ यावरून ते तेथे ‘अडकले’ असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरते. महाविद्यालयीन ग्रंथालयाचा दाखला येथे उपयोगी पडेल. एखाद्या पुस्तकाच्या दहा प्रतींपैकी आठ प्रती कायम वाचकांकडे असल्या, तर कपाटात दोनच दिसतात. कोणतीही एक प्रत कोणाकडे अडकून पडलेली नसते. ती आठवड्याने परत येते आणि दुसऱ्याकडे जाते. तरीही कपाटातील उपलब्धता कायम कमीच राहते. उपलब्धता कमी होणे आणि प्रत अडकणे या दोन निराळ्या घटना आहेत. ‘स्थानबद्धता’ हा शब्द दोहोंसाठी वापरला जातो, ही त्याची पहिली मोठी अडचण होय.

४. कसोटीस उतरणारे उदाहरण : यीस्टमधील सीडीसी१४

संकल्पनेवर टीका करताना तिची बलस्थाने नाकारणे योग्य ठरणार नाही. यीस्टमधील सीडीसी१४ हे फॉस्फेटेज या दृष्टीने आदर्श उदाहरण आहे. पेशीविभाजनाचा बहुतेक काळ हे विकर केंद्रकीत असते. पश्चावस्थेत ते बाहेर पडते, विभाजनाला चालना देणाऱ्या काइनेजांचे कार्य उलटविते आणि पेशी विभाजनातून बाहेर येते. १९९९ मध्ये रेमंड डेशेज व अँजेलिका आमोन यांच्या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी सीडीसी१४ ला केंद्रकीत धरून ठेवणारे प्रथिन शोधून काढले. त्यास एका गटाने नेट१ आणि दुसऱ्याने सीएफआय१ असे नाव दिले.

येथे चारही दाव्यांना आधार आहे. स्थान दिसते. धरून ठेवणारे प्रथिन माहीत आहे. नेट१ सदोष असेल, तर सीडीसी१४ अवेळी पसरते आणि एरवी अनिवार्य असलेल्या संकेतमार्गातील घटक नसतानाही पेशी विभाजनातून बाहेर पडू शकते. म्हणजेच परिणामाचा दावाही जनुकीय प्रयोगाने सिद्ध होतो. सुटकेचे संकेतमार्ग तपशीलवार अभ्यासले गेले आहेत. दोन प्रयोगशाळांनी एकाच वेळी समान निष्कर्षाप्रत येणे, ही या उदाहरणाची आणखी एक जमेची बाजू होय.

तथापि या उत्तम उदाहरणातही एक प्रश्न शिल्लक राहतो. नेट१ हे सीडीसी१४ ला केवळ बांधून ठेवत नाही, तर त्याची विकरक्रियाही दाबून टाकते. परीक्षानळीत, जेथे केंद्रकी नावाची गोष्टच नाही, तेथेही नेट१ हे कार्य करू शकते. मग विकरास निष्क्रिय कोण करते, केंद्रकी की नेट१? कोठडीचे दार बंद असल्याने बंदी अडला आहे, की त्याच्या हातांतील बेड्यांमुळे? बेड्या हेच उत्तर असेल, तर केंद्रकी हा केवळ पत्ता ठरतो, कारण ठरत नाही. शिवाय यीस्टवरून मानवाकडे जाताना सावधगिरी हवी. मानवी पेशीत विभाजनातून बाहेर पडण्याचे काम प्रामुख्याने अन्य फॉस्फेटेजे करतात. त्यामुळे यीस्टमधील हे आदर्श उदाहरण जसेच्या तसे मानवास लागू पडत नाही.

५. जेथे निष्कर्ष बदलावा लागला : एमडीएम२ आणि पी५३

कर्करोगास आळा घालणारे पी५३ हे प्रथिन सामान्य पेशीत फारसे साठत नाही, कारण एमडीएम२ त्याच्या विघटनाची व्यवस्था करते. एआरएफ हे तिसरे प्रथिन एमडीएम२ ला रोखते आणि पी५३ ला वाचविते. एआरएफ मुख्यतः केंद्रकीत असते. १९९९ मध्ये चार्ल्स शेर व डाफना बार-सागी यांच्या गटांनी असे प्रतिपादन केले, की एआरएफ हे एमडीएम२ ला केंद्रकीत ओढून नेते व तेथे स्थानबद्ध करते. त्यामुळे केंद्रकद्रव्यातील पी५३ सुरक्षित राहते. हे प्रतिपादन आकर्षक होते. त्यास स्थानाचा पुरावा होता आणि पी५३ वाढल्याचे निरीक्षणही होते.

दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, गॉर्डन पीटर्स यांच्या गटाने दाखवून दिले, की एमडीएम२ केंद्रकीत न जाताही एआरएफ पी५३ ला स्थिर करू शकते. म्हणजे स्थानांतर आणि परिणाम एकत्र आढळत असले, तरी परिणामासाठी स्थानांतर अनिवार्य नव्हते. २००५ मध्ये चित्र आणखी पालटले. न्यूक्लिओफॉस्मिन हे प्रथिन एआरएफला केंद्रकीत खेचते आणि त्याच्या कार्यास अटकाव करते, असे पुढे आले. पहिल्या मांडणीत एआरएफ पहारेकरी होते. दुसऱ्या मांडणीत तेच बंदी ठरले. केंद्रकी तीच, प्रथिने तीच, सूक्ष्मदर्शकातील चित्रही जवळपास तेच. अर्थ मात्र उलट. केवळ स्थानाच्या पुराव्यावर कार्यकारणभाव उभारल्यास काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

केंद्रकीचा पी५३ शी संबंध नाही, असा याचा अर्थ नव्हे. संबंध आहे, पण तो निराळ्या वाटेने जातो. रायबोसोमची जुळणी कोठे अडली, की एल५ व एल११ ही रायबोसोमीय प्रथिने आणि ५एस आरएनए यांचे संकुल जुळणीत सामावले जात नाही. हे संकुल एमडीएम२ ला जाऊन चिकटते व त्यास निष्प्रभ करते. २००३ पासूनच्या आणि विशेषतः २०१३ मधील प्रयोगांनी ही वाट प्रस्थापित केली. येथे एमडीएम२ ला कोणी कोठडीत नेत नाही. अर्धवट राहिलेल्या कामातील सुटे भागच इशारा देतात. आरएनए-संस्करणातील अडथळा पेशीच्या जीवन-मरणाच्या निर्णयाशी थेट जोडला जातो, हे या वाटेचे खरे महत्त्व होय. ‘स्थानबद्धता’ हा शब्द तेथे लावत राहिल्यास ही अधिक खोल गोष्ट झाकली जाते.

६. आरएनए-संपादन : एडीएआर-२ चे प्रकरण

केंद्रकीबाहेरील आरएनएच्या संस्करणावर केंद्रकी प्रभाव टाकते काय, या प्रश्नासाठी एडीएआर-२ हे विकर महत्त्वाचे आहे. ते आरएनएमधील ॲडिनोसिनचे इनोसिनमध्ये रूपांतर करते. एक अक्षर बदलल्याने प्रथिनातील अमिनो आम्ल बदलू शकते, म्हणून या क्रियेस आरएनए-संपादन म्हणतात. मेंदूतील ग्लुटामेट ग्राहीच्या एका घटकात, ग्लुआर-२ मध्ये, हे संपादन एका ठिकाणी जवळजवळ पूर्णपणे होते. त्याचे महत्त्व २००० मध्ये पीटर सीबर्ग यांच्या गटाने सिद्ध केले. एडीएआर-२ नसलेले उंदीर झटके येऊन लहान वयातच मरण पावले. परंतु त्यांच्या जनुकातच संपादित अक्षर आधीपासून बसविले असता ते वाचले.

२००३ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखविले, की एडीएआर-२ मोठ्या प्रमाणावर केंद्रकीत साठलेले असते. रोनाल्ड एमेसन यांच्या गटाने या अवस्थेस कार्यात्मक स्थानबद्धता असे संबोधले. विकर केंद्रकीतून केंद्रकद्रव्यात आले असता पेशीतील आरएनएचे संपादन वाढते, असे त्यांनी नोंदविले. मारिया कार्मो-फोन्सेका यांच्या गटाने संपादनयोग्य आरएनए उपलब्ध होताच विकर केंद्रकी सोडते, असे दाखविले.

उपरोक्त चार दाव्यांच्या कसोटीवर हे उदाहरण कोठे बसते? स्थानाचा दावा निर्विवाद आहे. सुटका व संपादन यांचा संबंधही दिसतो. धारणेचा दावा मात्र टिकत नाही, कारण विरंजनाच्या प्रयोगांत हेच विकर केंद्रकी व केंद्रकद्रव्य यांच्यात वेगाने ये-जा करताना आढळले. म्हणजे येथे कोठडी नाही. ग्रंथालयाच्या दाखल्यातील वाटप आहे. परिणामाचा दावा सिद्ध करणे त्याहून अवघड आहे. त्यासाठी केंद्रकीत जाऊ न शकणारे, पण संपादनक्षमता अबाधित असलेले विकर तयार करून पाहावे लागेल. अडचण अशी, की एडीएआर-२ चे केंद्रकीतील वास्तव्य त्याच्या द्विसूत्री आरएनएस बांधणाऱ्या भागांवर अवलंबून आहे आणि संपादनासाठीही तेच भाग आवश्यक आहेत. एक बिघडविल्यास दुसरे बिघडते. शिवाय मेंदूतील ग्लुआर-२ चे संपादन जवळजवळ पूर्ण होत असेल, तर किमान त्या आरएनएपुरती स्थानबद्धता अडसर ठरत नाही, हेही मान्य करावे लागते. केंद्रकी संपादनाचे प्रमाण कमी-अधिक करीत असावी, एवढाच निष्कर्ष येथे रास्त आहे.

याच क्षेत्रातील आणखी एक प्रसंग उद्बोधक आहे. मानवाच्या १५ व्या गुणसूत्रावरील एसएनओआरडी-११५ हा स्नो-आरएनए सेरोटोनिन २सी ग्राहीच्या आरएनएशी पूरक क्रमाने जुळतो. २००५ मध्ये केंद्रकीत उभारलेल्या कृत्रिम व्यवस्थेत तो संपादन रोखतो असे दिसले. २००६ मध्ये तो त्याच आरएनएचे स्प्लायसिंग नियंत्रित करतो, असा दावा प्रसिद्ध झाला आणि प्रेडर-विली या आनुवंशिक विकाराशी त्याचा संबंध जोडला गेला. मात्र २०२० मध्ये हा स्नो-आरएनए नसलेल्या उंदरांचा अभ्यास झाला, तेव्हा स्प्लायसिंगमध्ये अपेक्षित बदल आढळला नाही आणि संपादनातील बदलही माफकच होता. संवर्धित पेशीत शक्य असलेली गोष्ट सजीवात प्रत्यक्ष घडतेच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

७. भिंती नसलेली कोठडी

पटल नसताना केंद्रकी प्रथिने कशी राखून ठेवते, या प्रश्नास २०११ नंतर नवी दिशा मिळाली. क्लिफर्ड ब्रँगविन, टिमोथी मिचिसन व अँथनी हायमन यांनी झेनोपसच्या अंडपेशीतील केंद्रकी दाट द्रवाच्या थेंबाप्रमाणे वागते, असे दाखविले. दोन केंद्रकी एकमेकींना स्पर्श करताच त्या एकरूप होऊन गोल आकार घेतात. २०१६ मध्ये केंद्रकीचे थर हे एकमेकांत न मिसळणारे द्रव असल्याचे मांडले गेले. तेल पाण्यात मिसळत नाही, त्याप्रमाणे येथे प्रावस्था-विलगन होते. काही रेणूंना थेंबाच्या आत राहणे ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल असते, म्हणून ते तेथे अधिक प्रमाणात आढळतात. या दृष्टीने पाहता केंद्रकीत रेणू ‘अडविले’ जात नाहीत. त्यांची विभागणी होते. ‘स्थानबद्धता’ या शब्दातील सक्ती येथे गैरलागू ठरते.

पण सर्वच उदाहरणे अशी नाहीत. स्टीफन ली यांच्या गटाने २००४ मध्ये पेशी आम्लधर्मी होताच व्हीएचएल हे प्रथिन केंद्रकीत जाते आणि परिणामी एचआयएफ या प्रथिनाचे विघटन थांबते, असे दाखविले. २००५ मध्ये त्यांनी विरंजनाच्या पद्धतीने हे प्रथिन तेथे खरोखर गतिहीन होते, हे तपासले. आम्लता दूर होताच ते सुटते. २०१२ मध्ये त्यामागील कारणही हाती आले. रायबोसोमीय जनुकांच्या मधल्या पट्ट्यांतून आम्लतेच्या ताणाखाली तयार होणारा एक आरएनए प्रथिनास पकडून ठेवतो. तो आरएनए काढून टाकल्यास प्रथिन पकडले जात नाही. हे प्रयोग प्रामुख्याने संवर्धित पेशींवरील आहेत, ही मर्यादा नोंदवूनही येथे धारणा मोजली गेली, असे म्हणावे लागते. ‘स्थानबद्धता’ हा शब्द या उदाहरणास शोभतो.

२०१९ मध्ये आणखी एक अर्थच्छटा पुढे आली. उष्णतेच्या ताणाने घडी विस्कटलेली प्रथिने केंद्रकीत प्रवेश करतात. तेथे ती एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत आणि ताण ओसरल्यावर एचएसपी७० च्या साहाय्याने त्यांची पुन्हा योग्य घडी घातली जाते. ताण लांबल्यास मात्र ही परतीची क्षमता घटते. या उदाहरणात केंद्रकी कोठडी नसून आश्रयस्थान आहे. कैद आणि आश्रय या दोहोंत प्रथिन आतच असते. बाहेरून काढलेल्या छायाचित्रात त्यांतील फरक दिसत नाही.

८. शब्दाची निवड आणि तिचे परिणाम

ही चिकित्सा केवळ शब्दांपुरती मर्यादित नाही. कर्करोगावरील काही औषधांचे कार्य समजून घेण्यासाठी हा भेद आवश्यक आहे. अल्प मात्रेतील ॲक्टिनोमायसिन-डी रायबोसोमीय आरएनएची निर्मिती थांबविते. ५-फ्लुओरोयुरासिल त्याच्या संस्करणात अडथळा आणते. सिस्प्लॅटिन व ऑक्झॅलिप्लॅटिन ही रचनेने जवळची औषधे असूनही, २०१७ मधील संशोधनानुसार पहिले डीएनएच्या हानीमुळे, तर दुसरे रायबोसोमनिर्मितीतील ताणामुळे पेशी मारते. पी५३ ची वाढ ‘सुटके’मुळे होते असे मानल्यास संशोधक कोठडीच्या दाराचा शोध घेत राहील. ती अडलेल्या जुळणीमुळे होते असे मानल्यास तो एल५, एल११ व ५एस आरएनए यांच्याकडे वळेल. शब्द बदलला की पुढचा प्रयोग बदलतो.

अध्यापनातही हीच गोष्ट लागू पडते. ‘रायबोसोमचा कारखाना’ या जुन्या वाक्याच्या जागी ‘प्रथिनांची कोठडी’ हे नवे वाक्य पाठ करून घेतल्यास विद्यार्थ्याच्या हाती एका प्रतिमेऐवजी दुसरी प्रतिमा येईल, समज येणार नाही. एडीएआर-२ किंवा एमडीएम२ चे उदाहरण वर्गात मांडून चार दाव्यांपैकी कोणता सिद्ध झाला आहे असे विचारल्यास, तो पेशीविज्ञानाबरोबर पुराव्याची पारखही शिकेल. एमडीएम२ च्या उदाहरणात अवघ्या दोन वर्षांत निष्कर्ष का बदलावा लागला, हे समजलेल्या विद्यार्थ्यास विज्ञान स्वतःस कसे सुधारते हे वेगळे सांगावे लागत नाही.

९. निष्कर्ष

१) केंद्रकी प्रथिनांची उपलब्धता बदलते आणि त्याद्वारे पेशीतील घडामोडींवर प्रभाव टाकते, याविषयी शंका नाही, परंतु ‘स्थानबद्धता’ ही एकच संज्ञा धारणा, विभागणी व आश्रय अशा भिन्न क्रियांसाठी वापरली जाते.

२) स्थान, धारणा, परिणाम व सुटका हे चार दावे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागतात. यीस्टमधील सीडीसी१४ व आम्लतेच्या ताणातील व्हीएचएल ही उदाहरणे या कसोटीस बऱ्याच अंशी उतरतात. एमडीएम२ चे उदाहरण उतरत नाही. एडीएआर-२ चे उदाहरण अर्धवट सिद्ध आहे.

३) आरएनए-संस्करणावरील केंद्रकीचा प्रभाव तीन प्रकारचा आहे : प्रत्यक्ष संस्करण करणे, स्नो-आरएनएद्वारे मार्गदर्शन करणे आणि विकरांची उपलब्धता कमी-अधिक करणे. पहिल्या दोन प्रकारांस भक्कम पुरावा आहे. तिसरा प्रकार संभवनीय असला, तरी त्यास सजीवांतील निर्णायक प्रयोगांची जोड मिळणे बाकी आहे.

४) जेथे रेणूंची धारणा प्रत्यक्ष मोजलेली आहे, तेथेच ‘स्थानबद्धता’ हा शब्द वापरावा. अन्यत्र ‘केंद्रकीत साठलेले’ किंवा ‘केंद्रकीत अधिक प्रमाणात आढळणारे’ असे साधे शब्द योजणे अध्यापन व संशोधन या दोहोंच्या दृष्टीने हितावह ठरेल.